रेकॉर्डमागची सूरपेटी

किशोरीला आयुष्याकडून फार काही नको होतं. संध्याकाळी घरी आल्यावर अर्धा तास कुणी आवाज करू नये, एवढंच. अंगणवाडीतली पोरं दिवसभर डोक्यावर बसलेली. ती गेली की वरच्या सुपरवायझर बाईंचे फोन, मोबाइलमध्ये भरायचे आकडे, आणि मग तारकर्लीच्या अरुंद रस्त्यावरून घरी चालताना मागून पर्यटकांच्या गाड्यांचे भोंगे. आई गेलेली, घरी फक्त वडील. भिकाजी आता ऐंशीच्या घरात होते. कानाला मशीन लावूनसुद्धा टीव्ही एवढा मोठा ठेवायचे की शेजाऱ्यांना बातम्यांसाठी वेगळा टीव्ही लागू नये. नवरा गेल्यावर किशोरी माहेरी राहायला आली त्याला बरीच वर्षं झाली होती. शांतता त्या घरात तेव्हाही नव्हती आणि आताही नव्हती.

त्यात आता ही घूं आली.

झालं असं, की धोंडूबुवांचा मुलगा ओंकार घराचा माळा साफ करत होता, तेव्हा त्याला जुनी रेकॉर्ड सापडली. गावातले निम्मे बाप्ये मुंबईत नोकरीला होते त्या काळात त्यांचं एक भजनी मंडळ होतं. धोंडूबुवा गायचे, आणि त्यांची एक, एकुलती एक, रेकॉर्ड निघाली होती. बुवा गेले, पखवाजवाले गेले, झांजवालेही एकेक करून गेले. उरले भिकाजी. भिकाजी त्या मंडळात सूरपेटी वाजवायचे.

सूरपेटी म्हणजे बिनपट्ट्यांची पेटी. भाता मारत राहायचं, एकच सूर निघत राहतो, आणि त्या सुराच्या आधाराने बुवा गातो. ती वाजत असते तोवर कुणाचं तिच्याकडे लक्ष जात नाही, आणि ती वाजवणाऱ्याकडे तर नाहीच नाही. भिकाजींनी हे काम आयुष्यभर केलं आणि त्याबद्दल त्यांना कधी कुणी बरं म्हटलं नाही.

येत्या रविवारी देवळात गावातल्या आताच्या भजनी मंडळाचा मोठा कार्यक्रम होता. रेकॉर्ड सगळ्या गावाला ऐकवायची आणि तीत ज्यांनी गायलं-वाजवलं त्यांचा किंवा त्यांच्या घरच्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, असं ठरलं. अडचण एवढीच होती की रेकॉर्डच्या कव्हरवर भिकाजींचं नाव नव्हतं. ओंकारची आई तर म्हणत होती की भिकाजी तेव्हा मंडळात असतील, पण रेकॉर्डला नव्हते. ओंकार सरळ माणूस. तो घरी आला, पडवीत बसला आणि मान खाली घालून म्हणाला, "काकानू, रागावू नकात. रेकॉर्डीत तुमची पेटी आयकाक येता काय, तेवढां ताईन आयकून सांगूचां. ती सांगतली तसां मी नाव घालतंय."

"मी होतंय," भिकाजी म्हणाले. "आयका आणि बघा."

झालं, किशोरी न्यायाधीश झाली. तिला पखवाज आणि तबला यांतला फरक सांगता आला असता, त्यापुढे संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण घरात रेकॉर्ड लावायचं मशीन होतं. तिची मुलगी नम्रता पुण्याला नोकरी करायची. आजोबांची रेकॉर्ड सापडली म्हणून हौसेने तिने ऑनलाइन मागवून दिलं होतं, सगळ्यांत स्वस्त होतं ते. दिसायला छोट्या बॅगेसारखं, वजनाला रिकाम्या पिशवीसारखं. त्याचे आतले स्पीकर एवढेसे होते की भिकाजींना त्यातून काही ऐकू येण्याची शक्यताच नव्हती. म्हणून ओंकारने मंडळाचा अँप्लिफायर आणि एक मोठा बॉक्स आणून दिला, दोन वायरी जोडून दिल्या आणि शनिवारी न्यायला येतो म्हणून सांगून गेला.

किशोरीने बटण लावलं, सुई ठेवली. आधी आली ती घूं. जाड, एकसुरी, भिंतीला हात लावला तर हाताला कळेल अशी. तिच्यावर पाठोपाठ धोंडूबुवांचा आवाज चढला.

किशोरीच्या कपाळाला आठी पडली. पडवीतल्या खुर्चीत भिकाजी मात्र ताठ बसले.

"आयकलंस?"

"काय?"

"पेटी! माजी पेटी ती. घूं करता ती!"

"बाबा, ती पेटी नाय. मशीनीचो आवाज आसतलो."

"माका शिकवतंस? भजनाक आदी सूर येता, मागसून बुवा येता. बघ, आदी इलो मा सूर?"

आला होता खरा. आणि बुवांचं भजन संपल्यावरही तो वाजत राहिला होता. सूरपेटी सगळ्यांत शेवटी थांबते, हेही भिकाजींनीच सांगितलं. स्वस्तातलं मशीन जरा वेगाने फिरत होतं, त्यामुळे बुवांचा आवाज मूळपेक्षा वर गेला होता. तो सुराशी जुळत नव्हता, हे त्यांच्या कानांनी बरोबर पकडलं. पण दोष त्यांनी कुणाला दिला? बुवांना. "बुवा चढलो हा," ते समाधानाने म्हणाले. "तेची ती सवयच. मी थंयच आसंय."

त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले. शेजारच्या गणपतला हाक मारून सांगितलं. नम्रताला फोन लावायला लावला आणि तिलाही सांगितलं. मग पानाचा डबा घेऊन पारावर निघून गेले.

ते गेल्यावर किशोरीने पुन्हा मशीन लावलं. भजन मध्यावर आलं असताना तिने सुई उचलली. बुवा थांबले. घूं थांबली नाही. तिने रेकॉर्ड फिरायची थांबवली. तरी घूं चालूच. रेकॉर्ड कव्हरात ठेवली, मशीन रिकामं, आणि त्या रिकाम्या मशीनमधून तिच्या वडिलांची पेटी आरामात वाजत होती. तिने अँप्लिफायरचं बटण बंद केलं आणि जमिनीवर बसून राहिली. सांगायला काहीच कठीण नव्हतं. वडील आल्यावर फक्त सुई उचलून दाखवायची होती.

भिकाजी पारावरून परत आले ते गुणगुणत. किशोरीने त्यांना गुणगुणताना शेवटचं कधी ऐकलं होतं, तिला आठवेना. तिने काही सांगितलं नाही.

पण गोष्ट तेवढ्यावर राहणार नव्हती. रविवारी हीच घूं देवळातल्या मोठाल्या स्पीकरांतून येणार. सगळं गाव कानांवर हात ठेवणार, ओंकार वायरी हलवत धावपळ करणार, आणि तेवढ्यात बाबा पुढे होऊन सांगणार की ती मी वाजवतोय. लोक हसतील. पोटभर हसतील आणि मग वर्षभर ते पारावर चघळत बसतील. वडिलांचं असं भर देवळात हसं झालेलं किशोरीला बघवलं नसतं. घूं घालवली तर वडील त्या रेकॉर्डीतून नाहीसे होतात, ठेवली तर त्यांची शोभा होते. तिचं डोकं त्या दिवसापासून जे उठलं ते उठलंच.

तिने नम्रताला फोन केला. घूं कशाने येते एवढंच विचारलं, बाकीचं पोटात ठेवलं.

"आई, बॉक्स आणि मशीन एकाच टेबलावर आहेत का?" नम्रताने विचारलं.

"हो."

"मग बॉक्सचे हादरे सुईला लागतात. मशीन दुसरीकडे ठेव, खाली काहीतरी मऊ घाल."

किशोरीने मशीन कोपऱ्यातल्या तिवईवर नेलं आणि खाली गोधडीची चौघडी घातली. रेकॉर्डमागचं धडधडणं गेलं, बुवांचे शब्द मोकळे झाले. पडवीतून भिकाजी म्हणाले, "आता बुवा साफ येता. पेटी तशीच आसा, बघ!"

दुसऱ्या दिवशी तिने फ्रिज बंद करून बघितला, पंख्याचा रेग्युलेटर बंद केला, मोबाइलचा चार्जर काढला. कुरकुर कमी झाली. अँप्लिफायर आणि मशीन वेगवेगळ्या भिंतींवरच्या बोर्डांना लावलेले होते, ते तिने एकाच बोर्डला लावले. घूंची धार गेली, पण खर्ज राहिला. आता तर ती खरोखरच पेटीसारखी वाजायला लागली. भिकाजींना स्वर्ग दोन बोटं उरला. सकाळी चहाआधी एकदा आणि संध्याकाळी दिवे लागले की एकदा, दिवसातून दोनदा ते रेकॉर्ड लावायला लावत आणि डोळे मिटून, उजव्या हाताने मांडीवर नसलेला भाता मारत बसत.

किशोरी कानांत कापूस घालून चुलीपुढे बसायची. तिला वडिलांचा राग यायचा. मेलेल्या धोंडूबुवांचाही यायचा, माळा साफ करायची अवदसा आठवली म्हणून ओंकारचाही यायचा. अंगणवाडीत एका पोराने नुसतं तोंडाने मोटारीचा आवाज काढला, तर ती त्याच्यावर एवढ्या जोरात ओरडली की ते बिचारं रडायलाच लागलं. मग त्याला मांडीवर घेऊन ती बराच वेळ बसली. दोघांपैकी जास्त दमलेलं कोण होतं, हे सांगणं कठीण होतं.

एका संध्याकाळी सुई नीट बसत नव्हती म्हणून तिने एका हाताने मशीनचा धातूचा दांडा धरला आणि तोल जाऊ नये म्हणून दुसरा हात अँप्लिफायरच्या मागे टेकला. तिथल्या उघड्या स्क्रूला बोट लागलं, आणि घूं थांबली. पार थांबली. नळ बंद केल्यावर पाणी थांबतं तशी.

"काय झालां?" पडवीतून लगेच आवाज आला. "पेटी कित्याक थांबली?"

किशोरी तशीच उभी राहिली. एक हात इथे, एक हात तिथे. मग तिने स्क्रूवरचं बोट उचललं. घूं परत आली.

"हात लागलो, बाबा."

"बघून कर गो. असो सूर तुटलो तर बुवा खंय उभो रवतलो?"

नम्रताला हे सांगितलं तेव्हा ती फोनवर जवळजवळ नाचली. "अगं आई, मग सापडलं की! स्वस्त मशीनला अर्थिंगची वायर देतच नाहीत. एक बारीक तार घे, मशीनच्या खालच्या स्क्रूपासून अँप्लिफायरच्या त्या स्क्रूला बांध. संपला विषय."

"खंय संपता विषय," किशोरी म्हणाली.

"म्हणजे?"

"काय नाय गो. जेवलंस?"

तिने तार आणली. दोन्ही टोकं सोलली, गुंडाळी केली आणि अंगणवाडीच्या पिशवीत खोल घालून ठेवली. रोज ती तार पिशवीतून अंगणवाडीला जायची आणि रोज तशीच परत यायची. ओंकारचा मध्येच फोन आला, "ताय, आयकलंस? बॅनर छापूक देवचो आसा." तर ती म्हणाली, "आयकतंय अजून." ओंकार तिच्या शब्दावर चालणारा होता. हो म्हटलं असतं तर त्याने डोळे झाकून नाव घातलं असतं, तार बांधून रेकॉर्ड साफ दिली असती तरी त्याला पेटी ऐकू येते की नाही ते कळलं नसतं. पण घूं नाही हे वडिलांना कळलं असतं. देवळात पहिल्या ओळीत बसवून, अंगावर शाल घालून, आणि मग कळलं असतं.

शनिवार आला. ओंकार संध्याकाळी सामान न्यायला येणार होता. किशोरी लवकर घरी आली. भिकाजी न्हाणीत होते. तिने अँप्लिफायर चालू केला, शेवटचं ठरवायचं म्हणून. तार बांधायची, की तशीच ओंकारच्या हातात द्यायची, की आपणच सगळं सांगून मोकळं व्हायचं. रेकॉर्डवरची धूळ पुसून ती तिने कव्हरात घातली. जरा टेकते म्हणून खुर्चीत बसली. घूं चालू होती. इतक्या दिवसांची दमलेली बाई ती, त्या घूंमध्येच तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा भिकाजी समोर उभे होते. अंगाला टॉवेल, कानाचं मशीन लावलेलं, केसांतून पाणी गळत होतं. ते तिवईवरच्या मशीनकडे बघत होते. वाकून त्यांनी बॉक्सला कान लावला. मग पुन्हा मशीनकडे बघितलं.

"रेकॉर्ड खंय आसा?"

"कव्हरात," किशोरी म्हणाली. झोपेत होती, तोंडातून खरं निघून गेलं.

"कव्हरात," भिकाजी म्हणाले. "मगे मी खंयसून वाजतंय?"

 किशोरीने पिशवी ओढली, तार काढली. तिने गाठी नीट मारल्या, एक मशीनखाली, एक अँप्लिफायरला. घूं गेली. बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं, त्या झाडूचा आवाज ऐकू यायला लागला. जी शांतता ती इतके दिवस मागत होती ती आली, आणि ती परत जावी असं तिला वाटलं.

"लाव," भिकाजी म्हणाले.

"बाबा, आदी कपडे..."

"लाव गो."

तिने रेकॉर्ड लावली. भिकाजी ओल्या अंगाने खुर्चीत बसले, पुढे वाकून, कानाच्या मशीनवर तळवा धरून. धोंडूबुवा गायला लागले. पखवाज आला, झांजा आल्या. बुवांनी श्वास घेतला की मध्ये जागा व्हायची, आणि त्या प्रत्येक जागेत भिकाजी आणखी थोडे पुढे वाकायचे. तिथे काही नव्हतं. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. किशोरीला वाटलं, एखादा तरी सूर निघू दे, चुकून, कुठल्यातरी कोपऱ्यातून, एवढासा. तिने देवाला असं काही आजवर मागितलं नव्हतं. भजन संपलं, सुई नुसती खरखरत राहिली.

"नाय," भिकाजी म्हणाले.

किशोरीने सुई उचलली.

"त्या रेकॉर्डवाल्यान माका दाराकडे बसयल्यान," ते म्हणाले. तिच्याकडे न बघता. "पयलां बुवाच्या मागे बसलेलंय. तो म्हणालो, तुमच्या भात्याचो आवाज येता, जरा मागे सरा. सरलंय. तो म्हणालो, आणखी मागे. सरत सरत दाराकडे गेलंय. थंयसून वाजवलंय मी. हात भरान इलो, तरी वाजवलंय. पण थंयसून मायकात गेला काय नाय, तां इचारूचां कोणाक? आणि इचारल्यार तो नाय म्हणालो असतो तर?"

"आयेक ठावक होतां?"

"तिका मी सांगितलंय, आसंय म्हणान. तिना कधी परत इचारूक नाय." त्यांनी रेकॉर्डकडे बोट दाखवलं. "एकदा जत्रेत लागलेली ही. कर्ण्यार. त्या गर्दीत काय आयकाक येतलां? तेवापासून ह्यांच एक जिवाक लागान रवलां."

 भिकाजींनी टॉवेलाने तोंड पुसलं, मग मान, मग पुन्हा तोंड.

"बुवा बरो गायलो हा पण," ते म्हणाले. "खरांच बरो. इतकी वर्सां बाजूक बसलंय, पण आयकलंय आज. माजां सगळां लक्ष सुरात." आणि मग तिच्याकडे बघून, "तुका कधी कळलां?"

"पयल्याच दिसा."

"पयल्याच दिसा? आणि इतके दिस ती घूं तशीच ठेवलंस? डोकां दुखणा नाय तुजां?"

"दुखता."

"मगे?"

"तुमी दोन घास जास्त जेवी होतास," किशोरी म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. मोठ्याने नव्हे. मोठ्याने रडायला लागणारी ताकदही तिच्यात उरली नव्हती.

भिकाजी उठले. मुलीच्या डोक्यावर हात ठेवायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे तो जरा जोरातच पडला. तो हात त्यांनी तिथे बराच वेळ ठेवला. मग तिचा मोबाइल तिच्याच हातात देऊन म्हणाले, "ओंकाराक लाव."

तिने लावून दिला. भिकाजी फोनवर नेहमीप्रमाणे ओरडूनच बोलले. "ओंकार, भिकाजी बोलतंय. रेकॉर्ड साफ झाली हा, घेवन जा. ती तार सोडू नको, तशीच घेवन जा. आणि आयक, माजां नाव घालू नको. नाय रे. मी सोता आयकलंय. मी नाय तेच्यात." पलीकडून ओंकार बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. भिकाजींनी ते सगळं ऐकून घेतलं. "येतलंय तर," ते म्हणाले. "न येवक काय झालां? बुवाक आयकाक येतलंय. पुढे बसव माका, मागे आयकाक येणा नाय."

फोन देऊन ते आत गेले. कपडे बदलून आले तेव्हा त्यांच्या हातात भाताचं पातेलं होतं.

"तू जरा आड पड," ते म्हणाले. "भात मी लावतंय."

"तुमका जमतलां?"

"मुंबयत खोलीवर सगळ्यांचो भात कोण लावी होतो? बुवा?"

किशोरी उठली. ती आतल्या खोलीत जाऊन चटईवर आडवी झाली. भिंतीपलीकडे वडील तांदूळ धूत होते, आणि तो आवाज संपेपर्यंत तिला उठायचं नव्हतं.